अकरा शिवलेले बेल्ट

मामांच्या हातून असं काही होईल हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं, तरी मी त्याच्या तोंडावर हसले असते. निष्काळजी माणसाच्या हातून चूक झाली तर आपण दोन शिव्या घालतो आणि मोकळे होतो. पण जो माणूस डोळ्यांत तेल घालून दुसऱ्याचा जीव जपतो, त्याच्याच हातून झाली तर शिव्या घालायच्या कुणाला? महिना झाला, मी हाच विचार करतेय आणि डोकं सुन्न होतंय.

आमच्या साइटवर सकाळी आठ वाजता पहिला आवाज यायचा तो मिक्सरचा नव्हे, मामांचा. "ए शहाण्या, पट्टा ढिला का? फिरायला निघालायस का?" असं खालून सुरू झालं की तिसऱ्या मजल्यावरचा गवंडीसुद्धा आपल्या छातीवरचे पट्टे चाचपायचा. मामा म्हणजे बेल्टच्या खोलीचे राजे. तसे पगारी नोकरच, पण त्या दहा बाय आठच्या पत्र्याच्या खोलीत त्यांना न विचारता मोठ्या साहेबांनाही पाऊल टाकता येत नसे. उंचावर चढणाऱ्या प्रत्येकाने तिथून बेल्ट घ्यायचा, मामांसमोर घालायचा, त्यांच्या हातचे दोन हिसडे खायचे आणि मगच चढायचं. वर गेल्यावर हूक कमरेखाली अडकवलेला दिसला की मामा खालून त्या माणसाच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचे. हूक डोक्याच्या वर पाहिजे म्हणजे पाहिजे.

मी त्या साइटची स्टोअरकीपर. खिळ्यापासून सिमेंटपर्यंत सगळ्याची नोंद माझ्या रजिस्टरात, तशी बेल्टांचीही. तोंडाची मी फटकळ. त्यामुळे पहिल्या महिन्यात माझं आणि मामांचं तीनदा वाजलं आणि चौथ्या वेळी गट्टी जमली.

मामांनी सव्वीस वर्षं परांच्या बांधल्या. आधी बांबूच्या, मग लोखंडी पाइपांच्या. त्यांच्या तरुणपणी बेल्ट कुणी बघितलाही नव्हता. "दोन पाय आणि नशीब, एवढ्या सामानावर चढायचो आम्ही," असं म्हणायचे. सव्वीस वर्षांत एकदाही पडले नाहीत. मग गुडघा गेला, तोही घरी पाण्याची बादली उचलताना. म्हणून कंपनीने त्यांना खाली बसवलं आणि बेल्टांची खोली दिली. बाकीचे म्हणाले, म्हाताऱ्याला अडगळीत टाकलं. पण मामांनी पहिल्याच दिवशी ती खोली झाडून, भिंतीला खुंट्या मारून, प्रत्येक खुंटीवर आकडा रंगवला.

घरीही तेच. मामी सांगायच्या, पंखा पुसायला स्टुलावर चढायचं तर हा माणूस कमरेला दोर बांधून दुसरं टोक खिडकीच्या गजाला अडकवतो. स्टूल दीड फुटाचं! शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. मामा वरूनच त्यांना सांगायचे, "हसा. दीड फुटावरून पडलेला माणूस मी आडवा झालेला बघितलाय, तो परत उठला नाही." मग त्या हसायच्या थांबायच्या आणि थोड्या वेळाने पुन्हा हसायच्या.

आता बेल्ट शिवायला सुरुवात कशी झाली ते सांगते, कारण तिथे माझा हात आहे.

तीन वर्षांपूर्वी वेल्डिंगची ठिणगी उडून एक पट्टा बोटभर करपला. मामा तो घेऊन माझ्या टेबलाशी आले. "ताई, हा बाद. नवा मागवा." मी मागणी लिहिली, साहेबांची सही घेतली, कागद वर गेला. आणि वर गेलेला कागद लवकर खाली येत नाही, हे कुठल्याही ऑफिसात चार दिवस काढलेल्याला ठाऊक असतं. दोन महिन्यांनी मामा परत आले. एक माणूस रोज बेल्टवाचून खाली बसून राहत होता, कारण मामा त्याला चढू देत नव्हते. त्या दिवशी फरश्यांच्या मोजणीने मला वीट आणला होता. मान वर न करता मी म्हटलं, "मामा, एवढा हात चालतो तुमचा. तोवर शिवून टाका की."

जीभ झडायला हवी होती माझी. पण तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

मामींकडे जाड कापड शिवायचं यंत्र होतं. त्या शाळेची दप्तरं आणि ताडपत्र्या शिवायच्या. मामांनी बेल्ट घरी नेला, करपलेल्या जागी वरून तसल्याच पट्ट्याचा तुकडा ठेवला, यंत्रावर पाच ओळी मारल्या आणि त्यावर चपला शिवायच्या आरीने, हाताने, मेण लावलेल्या दोऱ्याचे तिरके टाके घातले. असे टाके मी जन्मात बघितले नव्हते. एकासारखा एक, मोजून घ्यावेत असे. मोठे साहेब बेल्ट हातात घेऊन म्हणाले, "मामा, कारखानेवाले झक मारतील यापुढे." मी रजिस्टरात लिहिलं, 'दुरुस्त, चांगला', आणि खाली सही केली.

बरं, मामांनी तो तसाच दिला का? छे! खोलीच्या छतात एक आकडा होता. मामांनी बेल्ट घातला, आकड्याला अडकवला आणि पाय वर उचलले. नव्वद किलोचा माणूस दहा मिनिटं लोंबकळत राहिला. झोके घेतले. त्यांना तसं लटकून चहा पिताना बघायला आम्ही सगळे जमलो होतो आणि टाळ्या पिटल्या होत्या. याहून मोठा पुरावा आम्हाला कुणालाच सुचला नाही.

मग रीतच पडली. पट्टा झिजला की मामांकडे, मामांकडून घरी, घरून आकड्यावर, आकड्यावरून माझ्या रजिस्टरात. तीन वर्षांत अकरा बेल्ट. अकरा वेळा 'दुरुस्त, चांगला'. नव्याची मागणी करायची मला आठवणही राहिली नाही.

मामांची एकुलती एक लेक आमच्याकडेच रंगकामाला होती. बाहेरच्या भिंती रंगवणाऱ्यांत ती एकटी बाई. हातात कायम लांब दांड्याचा रोलर, म्हणून सगळे तिला रोलरच म्हणत. ती या कामाला लागू नये म्हणून मामांनी घरात दोन महिने अबोला धरला होता. लेकही बापावर गेलेली, तिनेही धरला. शेवटी मामाच नमले, पण अट घातली की बेल्ट मी देईन तोच. ती पहिल्यांदा कामावर आली तेव्हा त्या जुन्या मागणीवरून चार कोरे बेल्ट नुकतेच आले होते, पाकिटातून काढलेलेही नव्हते. मला वाटलं, त्यातला एक तिला देतील. मामांनी खुंटीवरून शिवलेला काढला.

"अहो, कोरे आहेत ना?" मी म्हटलं.

"ते कुणी शिवलेत, कुठल्या घाईत शिवलेत, मला काय ठाऊक?" मामा म्हणाले. "हा माझ्या हातचा आहे, ताई."

मला तेव्हा भरून आलं होतं.

महिन्यापूर्वीची गोष्ट. बेल्ट विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस साइटवर आला. गळ्यात टाय, हातात बॅग, म्हणून आमच्या पोरांनी लगेच त्याचं नाव टायवाला ठेवलं. दिसायला गुळगुळीत, पण कामाला पक्का निघाला. इमारतीच्या मागच्या आवारात त्याने कप्पी लावून घेतली, एका पोत्यात नव्वद किलो वाळू भरली, पोत्याला आपला बेल्ट घातला, बेल्टचा दोर वरच्या तुळईला अडकवला आणि पोतं सहा फूट वर ओढून सोडून दिलं. धाडकन हिसका बसला. पोतं लोंबकळत राहिलं. बेल्टला काही झालं नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मामांना ते सहन होईना. ते खोलीत गेले आणि सात नंबरच्या खुंटीवरचा शिवलेला बेल्ट घेऊन आले. "आता हा लाव."

टायवाल्याने शिवण बघितली आणि त्याचा चेहरा बदलला. "मामा, हा शिवलेला आहे. याला कशाला?"

"का? घाबरलास? लाव म्हणतो ना."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! टायवाल्याने एकदा साहेबांकडे बघितलं, साहेबांनी हसत मान हलवली. पोतं वर गेलं. मामा कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून उभे होते. पोतं सुटलं.

धाडकन आवाज आलाच नाही. कापडाच्या दुकानात ताग्यातून कापड फाडतात तसा एक आवाज आला, तोही बारीक. पोतं दोर तिथेच सोडून जमिनीवर आलं, फुटलं आणि वाळू आमच्या पायांपर्यंत पसरली. मागे कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, खेळाचाच भाग आहे.

टायवाल्याने तुटलेला पट्टा मामांच्या हातात दिला. पट्टा शिवणीवरच फाटला होता, अगदी सरळ रेषेत. वहीचं पान नीट फाटावं म्हणून कडेला भोकांची ओळ पाडलेली असते ना, तसा. "प्रत्येक टाक्याला एक भोक पडतं, मामा," टायवाला हळू म्हणाला. "पट्ट्याचे धागे तुटतात. जितके टाके जास्त, तितका पट्टा कच्चा. फाटलेला बेल्ट शिवायचा नसतो. कापून फेकायचा असतो, कुणी उचलून वापरू नये म्हणून."

"मी स्वतः लटकून बघायचो," मामा म्हणाले. "प्रत्येक बेल्टला. दहा-दहा मिनिटं."

"लटकणं वेगळं आणि पडणं वेगळं. सहा फुटांवरून पडलेला माणूस पट्ट्याला नव्वद किलोचा लागत नाही. पाच-सहाशेचा लागतो."

मामांनी फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं आणि ते काय विचारणार ते मला कळलं. मी रजिस्टर उघडलं. अकरा शिवलेले. एक हा फाटला. सहा खोलीत खुंट्यांवर. चार वर.

"कोण कोण?" मामांनी विचारलं.

चौथ्या मजल्यावर दोन काचवाले. सहाव्यावर एक रंगारी. नवव्यावर, पुढच्या कोपऱ्यात, रोलर.

साहेबांनी भोंगा उचलला. मामांनी तो त्यांच्या हातातून असा हिसकावला की साहेब मागे सरकले. "ओरडू नका! दचकतील. बेल्ट कच्चा आहे हे वर उभ्या माणसाला सांगायचं नाही. आधी आत घ्यायचं, मग सांगायचं." सिमेंट नेणारी लिफ्ट बाराव्या मजल्यावर अडकली होती. मामा जिन्याकडे निघाले, तो गुडघा घेऊन. मी मागे पळाले. रजिस्टर अजून माझ्या हातातच होतं, का कुणास ठाऊक.

काचवाले सहज आत आले. मामांनी त्यांना "जरा इकडे या, माप बघायचंय" म्हटलं, आणि ते आले. त्यांच्या अंगावरचे बेल्ट मामांनी काढून आपल्या खांद्यावर टाकले. सहाव्यावरचा रंगारी कुरकुरला, पण आला. सातव्याला मामा जिन्यात बसले. पायरीवर हात टेकून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. मी म्हटलं, "मामा, मी जाते पुढे." तर माझा हात धरून उठले.

नवव्या मजल्यावर खिडकीला अजून चौकट नव्हती. त्या भगदाडातून ती दिसली. परांचीच्या दोन फळ्यांवर उभी होती, हूक डोक्याच्या वर, अगदी शिकवल्याप्रमाणे. छज्ज्याच्या खालची बाजू रंगवत होती. त्यासाठी ती मागे रेलली होती, पूर्ण भार बेल्टवर टाकून. एका हातात डबा, दुसऱ्यात रोलर. शिवण तिच्या पाठीवर होती. पिवळ्या पट्ट्यावर पांढरे तिरके टाके, लांबूनही ओळखू यावेत इतके नीट.

मामा भगदाडाशी गेले. आणि मी त्यांच्या तोंडून तसा आवाज कधी ऐकला नव्हता, इतक्या मऊ आवाजात ते म्हणाले, "बाळा, जरा आत येतेस का?"

तिने मान वळवली. बापाचा चेहरा बघितला. हा माणूस उभ्या आयुष्यात तिच्याशी असं बोलला नव्हता. "बाबा? काय झालं?" तिचा आवाज चिरकला. "आईला काय झालं?"

आणि ती गर्रकन वळली. पाय फळीच्या कडेवर पडला, फळी उचलली गेली, डबा हातातून सुटला. तो खाली जाताना परांचीच्या पाइपांवर आपटत गेला, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. रोलरही गेला. ती एका पायावर होती, दुसरा पाय हवेत, आणि बेल्टचा दोर ताणला जात होता.

"पाइप धर!" मामा असे ओरडले की माझ्या कानाला दडे बसले. "पाइप धर, गधडे! डोळे कुठे ठेवलेस? डाव्या हाताने! धर म्हणतो ना!"

ही शिवी ऐकून तिच्या अंगात जीव आला. ते तिच्या ओळखीचं होतं. तिने डाव्या हाताने पाइप पकडला, मग उजव्याने, मग पाय फळीवर टेकला. "आता एकेक पाऊल टाक. घाई केलीस तर थोबाड रंगवीन," मामा ओरडत होते आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने पाय आत टाकला तसा मी तिचा दंड धरला आणि सोडलाच नाही. तिथे माझ्या नखांचे वळ उठले होते, नंतर बघितले मी.

"आई बरी आहे," मी म्हटलं. "घरी सगळे बरे आहेत."

"मग हे काय चाललंय?" ती भडकली. "एवढा डबा गेला ना रंगाचा! बाबा?"

मामा तिच्या बेल्टचं बकल सोडवत होते. रोज पन्नास बकलं लावणारा माणूस, त्याला एक सुटेना. शेवटी तिनेच सोडवलं. मामांनी बेल्ट छातीशी धरला आणि ते तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले.

खाली आल्यावर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुणाला लागलं नाही ना? मग बोभाटा नको. बेल्ट जाळून टाका, उद्या नवे येतील." मला सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला हायसं वाटलं. त्या रजिस्टरात अकरा ठिकाणी माझी सही होती.

मामांनी ते ऐकलं असावं. त्यांनी साइटची घंटा वाजवली. गवंडी, रंगारी, काचवाले, प्लंबर, सगळे आवारात जमले, त्या सांडलेल्या वाळूभोवती. मामांनी दहा बेल्ट ओळीने जमिनीवर मांडले, अकरावा तुटलेला. मोठी कात्री घेतली आणि एकेक बेल्ट मधोमध कापायला लागले. पोरं बघतच राहिली. हेच बेल्ट जमिनीला लागले तर मामा अंगावर यायचे.

"हे मी शिवले," मामा म्हणाले. "मला वाटलं पक्के झाले. ते कच्चे झाले. तुमच्यातला कुणीही, कधीही पडला असता तर बेल्टने धरलं नसतं. मी आकड्याला लटकून बघितलं आणि शहाणा झालो. पडून कुणी बघितलं नाही."

"आणि चांगला आहे असं मी लिहिलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. "शिवायलाही मीच सांगितलं होतं. न तपासता."

काचवाल्यांपैकी थोरला वाळू ओलांडून पुढे आला. "मामा, माझा किती दिवस होता?"

मामांना रजिस्टर लागत नव्हतं. "तुझा चौदा महिने."

"माझा?" रंगारी म्हणाला.

"तुझा सात. त्याआधी आठ महिने तुझ्या मेहुण्याकडे."

एकेक जण विचारत गेला, मामा सांगत गेले. त्यांना प्रत्येक बेल्ट पाठ होता, कुणाच्या अंगावर किती दिवस, कुठल्या मजल्यापर्यंत. कुणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. ती माणसं फक्त आपल्या वाट्याचा आकडा ऐकत होती आणि वर, इमारतीकडे बघत होती. एकाने फोन काढला आणि बायकोला, काही कारण नसताना, जेवलीस का असं विचारलं.

सगळ्यांत शेवटी रोलर पुढे आली. तोंडावर अजून रंगाचे शिंतोडे होते.

"आणि माझा, बाबा?"

कात्री मामांच्या हातातच होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

"अडीच वर्षं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

तिने खाली वाकून आपल्या बेल्टचा एक तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि बापाच्या समोर धरला.

"अडीच वर्षांत मला एकदाही भीती वाटली नाही, बाबा," ती म्हणाली.